राखणदाराची गावपळण

माझं काम लोकांना धड कळत नाही. माझ्या आईलाही नाही. ती शेजारणींना लेकीविषयी सांगते, "चेडू पत्रकां वाटता." खोटं नाही ते. देवगडकडे रस्ता फुटतो त्या तळेऱ्याच्या नाक्यावर आमच्या संघटनेची एक खोली आहे. पावसाळा सरला की नेपाळी कुटुंबं गाड्या भरभरून तिथे उतरतात आणि आंब्याच्या बागांमध्ये पांगतात. बागेची राखण, फवारणी, पुढे काढणी, पेट्या भरणं, सगळं तीच करतात. त्यांना गाठायचं, मालकाशी काय बोलून घ्यायचं ते सांगायचं, मूल शाळेत घालायचं, आजारी माणूस कणकवलीला न्यायचा, आणि हे सगळं नेपाळी-हिंदीत छापलेलं पत्रक त्यांच्या हातात द्यायचं, हे माझं काम. त्या पत्रकाचं पुढे काय होतं हे मी विचारत नाही. एकदा त्यात सुके बांगडे बांधून मलाच भेट मिळाले होते.

मालकांचं एक वाक्य मला पाठ झालंय. "आम्ही त्यांना घरच्यासारखं ठेवतो, मॅडम." पहिल्या वर्षी मी विचारायचे, मग जेवायला घरात बसवता का? त्यावर खळ्यातली, म्हणजे अंगणातली खुर्ची काढून घेतली जायची. आता विचारते, "त्याचं नाव काय?" बहुतेकांना सांगता येत नाही. गुरखा, बहादूर, नाहीतर नुसतंच 'आमचा माणूस'. आमच्या शिबिरात नव्या कार्यकर्त्यांना समाजशास्त्राची बाराखडी मी याच प्रश्नाने शिकवते. गावात कोणाला नावाने हाक मारतात आणि कोणाला कामाने, ते आधी लिहून काढा. फळ्यावर शिडी आपोआप उभी राहते. समाज मला त्या शिडीएवढा कळला होता. मग एका हिवाळ्यात मी गावपळण पाहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जिल्ह्यात काही मोजकी गावं आहेत, जिथे दर काही वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावतात आणि कौल मिळाला की अख्खं गाव घरं सोडून शिमेबाहेर जातं. शीम म्हणजे गावाची हद्द. तीन दिवस, तीन रात्री आत माणूस राहायचा नाही. गुरं नाहीत, कोंबडी नाही, मांजर नाही. शाळा बंद, दुकान बंद. बाहेर माळावर विणलेल्या झावळांच्या झोपड्या बांधून सगळे राहतात. तिसऱ्या दिवसानंतर पुन्हा कौल, आणि मग परत.

मालवण आणि देवगडच्या मधल्या अशाच एका गावी मी बागा फिरत होते. गावाचं नाव लिहीत नाही, पुढे त्यांना कोणी छळायला नको. गावपळण ठरल्याचं कळताच माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं. मथळा होता, 'माणसाला घराबाहेर काढणारे तुम्ही कोण?' त्यात आजारी माणसं, बाळंतिणी, मजूर, सगळ्यांचे हक्क लिहिले होते. एकही शब्द मागे घ्यायचा नाहीये. गावाने पत्रक शांतपणे घेतलं. कोणी चिडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मला सगळे 'पत्रकवाली बाय' म्हणू लागले, एवढंच.

त्या गावात टेकबहादूर होता. नेपाळच्या डोंगरातला मगर जातीचा माणूस, बुटका, सावकाश बोलणारा. बायको मनमाया. दोघं गावातल्या सगळ्यात मोठ्या बागेची राखण करायची आणि बागेतल्या पंपाच्या खोलीत राहायची. मालक मुंबईला. त्याची म्हातारी आई गावातल्या घरात एकटी, तिला सगळे काकी म्हणत. मालकाने टेकबहादूरला फोनवर सांगितलं, गाव जाऊ दे, तू कुठे जायचं नाहीस. टेकबहादूर ते सांगायला माझ्याकडे आला आणि मी त्याला घेऊन थेट आबांकडे गेले.

आबा म्हणजे गावकर, देवळातला पहिला मान त्यांचा. कौल तेच लावतात, गाऱ्हाणं तेच घालतात. देवळाच्या पायरीवर बसून सुंभ वळत होते. मी मालकाला फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

मालक नीट बोलला. "आबा, तुमचं सगळं मान्य आहे. पण मोहोर धरलाय, पंप आहे, पाइप पडलेत. बागेला राखणदार नको का?"

"राखणदार आसा मा," आबा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. त्याला राहू द्या."

"अरे ह्यो न्हय. आमचो. गाव भायर पडलो काय तो गावात फिरता. तेका फिरूक मोकळीक व्हयी म्हणान तर आमी भायर पडतंव. एका बागेत दोन राखणदार कशे रवतले?"

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, कोकणात राखणदार हा शब्द दोघांना लागतो. बाग राखणारा मजूरही राखणदार आणि गाव राखणारा, न दिसणारा देवही राखणदार. मालकाला पहिला म्हणायचा होता, आबांना दुसरा. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

"टेकबहादूर, ऐकतोयस ना?" मालक म्हणाला. "बाहेर पडलास तर बागेत परत पाय ठेवायचा नाही. सामान घेऊनच जा." आणि फोन ठेवला.

मी दोघांवरही उखडले. मालकाला तो हंगामाच्या मध्यावर बेघर झाला तरी चालणार होता, आणि आबांना एक परका माणूस आपल्या देवासाठी रोजगार घालवून हवा होता. मी आबांना म्हणाले, कायद्याने कोणाला घराबाहेर काढता येत नाही. टेकबहादूरला म्हणाले, मालकालाही असं हाकलता येत नाही, मी तक्रार करते.

टेकबहादूर म्हणाला, "दीदी, तक्रार का जवाब आने तक मैं किधर सोएगा?"

मी हातातलं पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"हमारे उधर भी जंगल का देवता है," तो म्हणाला. "उसका दिन में कोई जंगल नहीं जाता. आबा बोला तो बाहर जाएगा."

"नाव काय रे तुजा?" आबांनी विचारलं. तो तिथे तिसऱ्या हंगामाला आला होता.

"टेकबहादूर."

"टेक्या, झोपडेक झावळां मी देतंय. चार बांबू तू बग."

बाहेर पडण्याच्या दिवशी मी सकाळपासून शिमेवर उभी होते, कोणावर जबरदस्ती होते का ते बघायला. मोबाईल हातात तयार होता. आधी गुरं आली, मग टोपल्यांतल्या कोंबड्या, एका टोपलीत तळाला माझंच पत्रक अंथरलेलं. मग खाटेवर बसवून आणलेली म्हातारी माणसं. बेकरीवाल्या जुबेदाकाकी दोन शेळ्या ओढत आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला कोणी भाग पाडलंय का, हा तर तुमचा देवही नाही.

"देव कोणाचो तां देवाक म्हायत," त्या शेळीला दटावत म्हणाल्या. "गाव माजो मा? तू वाटेतसून सर, शेळी तुजी पत्रकां खाता."

दुपारपर्यंत गाव रिकामं झालं. माळ जरा उंचावर होता, तिथून खाडीकाठचं सगळं गाव दिसायचं. मी तिथे उभी राहून बघितलं. घरं होती, विहिरी होत्या, वाळत घातलेली एक चादर होती, देवळाचा कळस होता. एका खांबावरचा दिवा भर उन्हात तसाच जळत राहिला होता. आणि कुठेच धूर नाही, कोंबडा नाही, हाक नाही. मी वर्गात शिकवायचे, समाज म्हणजे विटा नव्हेत, माणसामाणसांतले संबंध. पुस्तकी वाक्य. इथे खाली विटा होत्या आणि इथे वर, माझ्या पाठीमागे, उरलेलं सगळं भांडत, हसत, बांबू रोवत होतं. कोणीतरी ते हलक्या हाताने उचलून बाहेर काढून ठेवलं होतं.

पण मी पत्रकवाली. आधी बघितलं ते झोपड्यांची रांग. ओढ्याच्या वरच्या अंगाला आबांची झोपडी, मग मानकऱ्यांच्या, त्यात काकींची, मग बाकीच्या वाड्या, शेवटी जुबेदाकाकी. त्यानंतर एका बैलगाडीएवढी मोकळी जागा. आणि त्या जागेच्या पलीकडे, ओढ्याच्या खालच्या अंगाला, बौद्धवाडी. कोणी दोरी लावली नव्हती, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. घरं मागे सोडली होती, शिडी मात्र डोक्यावरून आणली होती. घरं नसताना ती इतकी बिनचूक उभी राहिलेली पाहून मला राग आधी आला की नवल, ते सांगता येत नाही.

टेकबहादूर बांबू घेऊन उशिरा पोचला. त्याने रांग बघितली, मोकळी सपाट जागा बघितली, खूश झाला आणि तिथेच खड्डे खणायला लागला. मधल्या अंतरात, बरोबर मध्ये. मी बघत राहिले. वरचे बघत राहिले, वाडीतले बघत राहिले. एकाने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण सांगणार काय? 'इथे झोपडी बांधू नको, ही जागा कशासाठी आहे' हे वाक्य मोठ्याने बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी चुली पेटायच्या होत्या. तिथली रीत अशी, की पहिली चूल आबांची. तिच्यातला इस्तो म्हणजे निखारा शेजारचा नेतो, त्याच्याकडून पुढचा, असा तो रांगेने फिरतो. दरवेळी तो जुबेदाकाकींपाशी थांबायचा आणि वाडी आपली चूल आपल्या काडीने पेटवायची. त्या दिवशी मनमाया करवंटी घेऊन जुबेदाकाकींकडे गेली आणि निखारा घेऊन आली. शेजारचीने शेजारचीला दिला, यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

टेकबहादूर मला जरा बाजूला घेऊन गेला. पलीकडच्या झोपड्यांकडे हनुवटीने दाखवत त्याने हळू विचारलं, "दीदी, ये लोग कौन जात?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "का? तुला काय करायचंय?"

"हमारे गांव में कामी लोग होता है, लोहा का काम करनेवाला. वो हमारे घर के अंदर नहीं आता. पानी नहीं चलता उसका. इसलिए पूछा."

तो हे वाईट तोंडाने बोलला नाही. आपल्याकडे पाऊस कधी येतो ते सांगावं तसं बोलला. ज्याला इथे नावही नव्हतं, जो तीन दिवसांनी बेघर होणार होता, त्याच्याकडेही खाली ढकलायला कोणीतरी होतं. इतक्या दूरचा देश, बर्फाचे डोंगर, भाषा वेगळी, देव वेगळे, आणि तिथेही हाच उंबरठा, हेच पाणी. पुस्तकात मी परक्या देशांतल्या उतरंडींचे धडे वाचले होते, कुठे रंगावरून, कुठे जन्मावरून, कुठे धंद्यावरून. परीक्षेला तक्ता काढला होता. पण तो तक्ता माळावर समोर उभा राहून मला दीदी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मग मी सुरू झाले. समता, संविधान, मजुराने मजुराला कसं बघावं. तो मान खाली घालून ऐकत होता. मध्येच मनमाया आली.

"तुम लोग बाद में बोलो. लकड़ी लाओ, चूल्हा बुझ जाएगा. आधा आग मैंने उस भाभी को दे दिया."

"किसको?" टेकबहादूर म्हणाला.

"वो उधर. उसका माचिस भीग गया, बच्चा रो रहा है."

पलीकडे वाडीतली सुनंदावहिनी आपल्या चुलीवर वाकून फुंकर घालत होती. जाळ धरला. तिच्याकडून तिच्या जावेने नेला, तिथून पुढे. आम्ही तिघं बघत उभे. आबांच्या चुलीतला निखारा रांगेच्या शेवटच्या झोपडीपर्यंत गेला आणि कोणीही, एकाही माणसाने, त्यासाठी काही ठरवलं नव्हतं. टेकबहादूर लाकडं आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी वरच्या झोपड्यांत कुजबूज झाली. कोणीतरी आबांच्या कानावर घातलं. मी मुद्दाम जवळ जाऊन बसले.

"इस्तो वाडयेत खंयसून गेलो?" आबांनी विचारलं.

"टेक्याच्या चुलीतसून."

"टेक्याच्या चुलीत खंयसून इलो?"

"जुबेदाकडसून."

आबांनी पान लावलं. "मगे फिरलो मा बरोबर. काय तक्रार आसा?"

तक्रार काय ते कोणालाच सांगता येईना. मी लगेच विचारलं, म्हणजे पुढच्या गावपळणीला ते अंतर ठेवणार नाही ना?

"पुढच्याचां पुढे बगू," आबा म्हणाले. "आणि तू ह्याचां पत्रक छापू नको. छापलंस तर लोक इचार करूक लागतले आणि परत जागा सोडतले."

मी ऐकलं. आजवर ऐकलं. आता छापते आहे, कारण मला आबांचं म्हणणं अर्धंच पटलेलं आहे.

ते तीन दिवस मी मनमायाच्या झोपडीतच राहिले आणि सगळा वेळ फोन करत होते. देवगडकडच्या बागा, विजयदुर्गाकडच्या बागा, ओळखीचे मालक. टेकबहादूरला कुठेतरी खोलीसकट काम हवं होतं. हंगामाच्या मध्ये माणूस कोण घेतो? एकाने विचारलं, आधीच्याने का काढला? गाव सोडून गेला म्हणून, असं मी सांगितलं. "मग इथूनही जाईल," तो म्हणाला. बाकी माळावर मुलं हुंदडत होती, बायका फुगड्या घालत होत्या, मालकाची आई, काकी, आपल्या झोपडीतून टेकबहादूरला सारखी हाक मारून हे आण ते आण सांगत होती. तो आणत होता. मनमाया मात्र भांडी घासून झाली की पुन्हा घासायची.

चौथ्या दिवशी कौल मिळाला. ढोल वाजला. आधी गुरं सोडली. ती कोणी न हाकता शिमेचा दगड ओलांडून धावत खाली गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा गावातून आवाज आला, गोठ्यापाशी पोचलेल्या एका म्हशीचा. माणसं डोक्यावर बोजे घेऊन शिमेवर जमली. आबा दगडापाशी उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"टेक्या खंय?"

टेकबहादूर झोपडीपाशी बोचकं बांधून बसला होता, तळेऱ्याच्या गाडीची वाट बघत. मनमाया शेजारी. मी त्यांना सांगितलं होतं, चार दिवस आमच्या खोलीत राहा, मग बघू.

"ऊठ," आबा तिथूनच म्हणाले.

"मालिक ने मना किया, आबा."

"मालक बागेत येव नको म्हणता. मी तुका बागेत ये म्हणतंय काय? गावात ये. जितकी माणसां भायर पडली तितकी भितर जावक व्हयी. एक जरी माणूस भायर रवलो, तर गाव भायर रवलो."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रकाला रिवाजाचा पहिला अर्धा भाग माहीत होता, आत कोणी राहायचं नाही. दुसरा अर्धा, की बाहेरही कोणी राहायचं नाही, हा तिथे उभ्या सगळ्यांना माहीत होता. म्हणून कोणी पुढे सरकेना. डोक्यावरचे बोजे खाली आले. सरपंच थांबला, खाटेवरची म्हातारी थांबली, जुबेदाकाकींच्या शेळ्या थांबल्या. सुनंदावहिनी पोराला कडेवर घेऊन थांबली. खाली घरं दिसत होती, ऊन चढत होतं आणि एवढं सगळं गाव एका नेपाळी राखणदारासाठी उभं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "उचलून आणा रे तेका, माका चाय व्हयी." लोक हसले, पण हलले नाहीत.

काकी पुढे आली. शिमेच्या दगडाशेजारी फतकल मारून बसली आणि माझ्याकडे हात केला. "बाय, माज्या झिलाक फोन लाव."

मी लावला.

"मी शिमेर बसलंय," ती म्हणाली. "गाव उबो आसा. तुजो राखणदार भितर येवक नाय म्हणता. तेका खोली देतंस काय सांग."

पलीकडून काहीतरी समजावणं चाललं होतं.

"नको तर नको. तो आणि तेची बायल माज्या पडयेत निजतली. तू ये आणि बागेत निज. डुकरां इली काय हाकल."

पुन्हा काहीतरी.

"लागता माका ऊन. लागांदे. मी उठूचंय नाय."

मग ती ऐकत राहिली, बराच वेळ. तिने फोन टेकबहादूरकडे धरला. "तेकाच सांग."

टेकबहादूरने फोन दोन्ही हातांनी कानाला लावला. "जी," तो म्हणाला. "जी, मालिक. जी." मग फोन मला परत दिला, बोचकं उचललं आणि मनमायाकडे बघून मान हलवली. ती उठली आणि तिने आधी काकीला हाताला धरून उभं केलं.

मी असल्या कामात कलमं लावली आहेत, अर्ज केले आहेत, मालकांच्या दारात घोषणा दिल्या आहेत. पुढेही देणार. पण एका माणसाला वगळलं तर आपण सगळेच अपुरे, हे इतकी माणसं नुसती उभी राहून म्हणताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही पान खात, चहाची आठवण काढत. तेच गाव देवळाच्या पायऱ्यांवर सुनंदावहिनीला आजही ठरावीक पायरीच्या वर येऊ देत नाही. टेकबहादूरचा पगार वाढला नाही, खोलीचा पत्रा उन्हाळ्यात तसाच तापतो. हे दोन्ही एकाच गावाचं आहे आणि दोन्ही खरं आहे. माझ्या फळ्यावरच्या शिडीत हे मावत नाही. शिबिरात आता मी शिडी काढते आणि खडू हातात धरून थोडा वेळ गप्प उभी राहते. कार्यकर्त्यांना वाटतं, मी पुढचं विसरले.

टेकबहादूर शिमेच्या आत गेला, मनमाया गेली, काकी गेली. लोकांनी बोजे उचलले. माझं काम झालं होतं. मी स्कूटरकडे वळले.

"बाय, तू खंय चल्लंस?" आबांचा हात अजून आडवाच होता.

"तळेऱ्याक. काम आसा."

"तीन दिस खंय होतंस?"

"हयसरच. तुमच्या वांगडा, मनमायाच्या झोपडीत."

जुबेदाकाकींनी उचललेला बोजा पुन्हा खाली ठेवला. त्यांच्या मागच्याने ठेवला, त्याच्या मागच्याने ठेवला. मला त्या गावात घर नाही, बाग नाही, तिथला देव मी मानत नाही आणि त्यांच्याविरुद्ध छापलेली पत्रकं माझ्या पिशवीत होती.

"लवकर गो," मागून तोच चहावाला आवाज आला.

मी स्कूटरची चावी काढली आणि आत गेले.